गाळ्यावर उरलेली भाजी : आश्रमाला, वाटप करणाऱ्या गटाला की गोशाळेला?

बाजार समितीत तुमचा गाळा असेल आणि उरलेला माल कचऱ्याच्या ढिगावर जाऊ नये असं मनापासून वाटत असेल, तर तीन वाटा आहेत : जवळच्या आश्रमाला थेट देणं, स्वयंसेवकांच्या गटाकडे सोपवणं किंवा गोशाळेला पाठवणं. यातली कोणती वाट धरायची हे मालाकडे आणि घड्याळाकडे बघून ठरवावं.

आधी एक गोष्ट. आडतीवर, म्हणजे दलालीवर विकून द्यायला आलेला माल विकला जाईपर्यंत शेतकऱ्याचा असतो. तो परस्पर दान करता येत नाही. फोन करून विचारा, होकार आला तरच द्या. कोथिंबिरीची आवक वाढली की त्याचं गाडीभाडंही सुटत नाही. अशा दिवशी त्याच्या मालाचं पुण्य दुसऱ्याने घ्यावं, हे मला पटत नाही.

आश्रमाला थेट दिलं की वेळ वाचतो. पुण्याच्या मार्केट यार्डात रविवारी मोठी आवक होते. दुपारी उरलेली मेथी संध्याकाळी पातेल्यात पडली तर ठीक, नाहीतर उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी पिवळी पडते. अडचण आहे ती पेलण्याची. शंभर मुलांच्या वसतिगृहाला एका जेवणाला दहा-पंधरा किलो भाजी पुरते. तिथे कोबीच्या दहा गोण्या उतरवल्या तर आपण आपला कचरा त्यांच्या दारात नेऊन टाकला, एवढंच. शिवाय पालेभाजी निवडायला माणसं लागतात, आणि अशा स्वयंपाकघरात ती मोजकीच असतात. म्हणून दुधी, लाल भोपळा, बटाटा, कोबी बेलाशक द्या. पालेभाजी मात्र विचारूनच.

रोटी बँक, रॉबिन हूड आर्मी यांसारख्या गटांचं काम मुख्यतः हॉटेलं आणि समारंभांतल्या शिजवलेल्या अन्नाभोवती चालतं. कच्च्या भाजीसाठी टेम्पो, क्रेट आणि निवडायला जागा लागते. ती तयारी त्या शहरातल्या गटाकडे आहे का, हे आधी विचारा. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९ साली स्वतंत्र नियमावली झाली आहे, तेव्हा नोंदणीचीही चौकशी करा. मात्र एका आश्रमाच्या आवाक्याबाहेरचा माल चार-पाच स्वयंपाकघरांत पोचवायचा असेल, तर गटाशिवाय गत्यंतर नाही.

या बाबतीत पॅरिसजवळच्या रुंजिस घाऊक बाजाराचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. तिथे २००८ पासून बाजाराच्या आवारातच निवडणीचं केंद्र आहे. व्यापारी न विकलेला माल तिथे देतात, दीर्घकाळ बेरोजगार असलेली माणसं पगारावर तो निवडतात आणि चांगला भाग मदतसंस्थांकडे जातो. एका पेटीतले चार टोमॅटो सडले म्हणून अख्खी पेटी फेकली जात नाही. फ्रान्समध्ये अशा दानावर व्यापाऱ्याला करसवलतही मिळते. आपल्याकडे देणगीवरची प्राप्तिकराची सूट पैशाच्या रूपातल्या देणगीलाच आहे, भाजीच्या क्रेटला नाही. त्यामुळे हमाली आणि टेम्पोभाडं खिशातून जाईल, हे धरूनच चाला.

गोशाळेची वाट सोपी, कारण मोठा माल एकदम उचलला जातो, निवडावंही लागत नाही. पण माणसाने खाण्याजोगी भाजी तिकडे पाठवायला माझा जीव धजावत नाही. कोबी-फ्लॉवरचा पाला, मक्याची कणसं सोलून निघालेला पाला तिकडे जाऊ दे. कांदा मात्र ढिगाने देऊ नका. जास्त कांदा खाऊन गुरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, जनावर दगावूही शकतं. हिरवे पडलेले, कोंब फुटलेले बटाटे आणि बुरशी आलेला मालही नको. तो खताच्या खड्ड्यातच जावा.

मला विचाराल तर एकट्या गाळेधारकाने दोन आश्रम धरावेत, आठवड्यातला ठरलेला दिवस आणि वेळ सांगावी, आणि माल चढवण्याआधी गाळ्यावरच निवडून घ्यावा. शेजारचे पाच-सहा गाळे एकत्र येणार असतील तर गटाशी बोलावं आणि समितीकडे निवडणीसाठी छपराखालची जागा मागावी. गोशाळेला दोन्हीकडून उरेल तेच द्यावं. रिकामे क्रेट कोण आणि कधी परत आणणार, हे मात्र पहिल्याच बोलण्यात ठरवून घ्या. ते अडकले की देणारा पुढच्या खेपेला कचरतो.