समान संरक्षणाचा अमेरिकी खटला: मुद्दा कोणत्या कसोटीवर बांधायचा?

अमेरिकेच्या चौदाव्या घटनादुरुस्तीवर, म्हणजे कायद्याच्या समान संरक्षणाच्या हमीवर, मूट कोर्टचं (सराव-न्यायालय स्पर्धेचं) मेमोरिअल, म्हणजे लेखी युक्तिवाद, लिहायला बसलं की हात आपोआप 'स्ट्रिक्ट स्क्रूटिनी'कडे, म्हणजे भेदभाव तपासण्याच्या सर्वांत कडक कसोटीकडे, जातो. साहजिक आहे. तिथे सरकारलाच सिद्ध करावं लागतं की हेतू अत्यंत निकडीचा होता आणि उपाय नेमका त्याच मापाचा होता. पण ही कसोटी वंश, राष्ट्रीय मूळ अशा मोजक्याच वर्गीकरणांना मिळते. वयाला नाही (मुर्गिया खटला, १९७६), गरिबीला नाही (रॉड्रिगेझ खटला, १९७३). शिवाय ती मिळाली म्हणजे जिंकलोच असंही नाही. कोरेमात्सू खटल्यात (१९४४) कोर्टाने 'अत्यंत कठोर छाननी'ची भाषा केली आणि जपानी वंशाच्या लोकांना हटवणारा आदेश कायम ठेवला.

भेदभाव स्त्री-पुरुष असा असेल तर मधली कसोटी, 'इंटरमिजिएट', धरा. इथे हेतू महत्त्वाचा हवा आणि उपायाचा त्याच्याशी ठोस संबंध हवा. आकडे वाचण्याची तयारी असेल तर मला हीच सर्वांत भरवशाची वाटते. क्रेग विरुद्ध बोरेन (१९७६) बघा. ओक्लाहोमात ३.२ टक्क्यांची बिअर मुलींना १८व्या वर्षी विकता येई, मुलग्यांना २१व्या. कारण सांगितलं रस्ता-सुरक्षेचं. प्रत्यक्षात दारू पिऊन गाडी चालवताना त्या वयातले २ टक्के मुलगे पकडले गेले होते, मुली ०.१८ टक्के. फरक अकरापट, तरी तेवढ्यावर सगळ्या मुलग्यांना रोखणं कोर्टाला मान्य झालं नाही.

बाकी सगळं 'रॅशनल बेसिस' या सर्वांत सौम्य कसोटीवर जातं. इथे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर, म्हणजे अर्जदारावर, आणि सरकारला सुचेल ते कुठलंही रास्त कारण चालतं. बहुतेक अर्जदार इथे हरतात. तरीही हा भाग दोन ओळींत उरकू नका. टेक्सासमधल्या क्लेबर्न शहराने बौद्धिक दिव्यांगांच्या निवासगृहाला परवाना नाकारला. खालच्या अपील कोर्टाने मधली कसोटी लावली होती. सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये ती काढून घेतली आणि तरीही नकार रद्द केला. समोरच्या शाळेतली मुलं रहिवाशांना त्रास देतील, ही शहराची एक भीती. त्याच शाळेत सुमारे ३० बौद्धिक दिव्यांग विद्यार्थी शिकत होते! जागा पूररेषेत येते म्हणावं, तर तिथेच नर्सिंग होमला असा परवाना लागतच नव्हता.

म्हणून अधिक कडक कसोटी मुख्य मुद्दा म्हणून जरूर मागा, पण पर्यायी मुद्द्यात सरकारचं एकेक कारण असंच कागदपत्रांशी ताडून खोडा. बेंचवरून पहिला प्रश्न बहुधा तिथलाच येईल.