हेअर स्टीमर: केसांसाठी दहापैकी आठ, टाकीसाठी शून्य

टाकीबद्दल आधी बोलते, कारण बाकी कोणी बोलत नाही. हा स्टीमर, म्हणजे डोक्यावर टोपासारखा हूड घेऊन केसांना वाफ देणारं यंत्र, घेण्याआधी मी जेवढे व्हिडिओ पाहिले, त्यात हूड केवढा आहे, वाफ किती मिनिटांत येते, स्टँडला चाकं आहेत का, सगळं होतं. पाण्याच्या टाकीचं तोंड जेमतेम करंगळी जाईल एवढंच आहे, हे एकीनेही सांगितलं नाही. आत हात जात नाही, बाटली धुवायचा ब्रश जात नाही. शिवाय पाण्याची खूण हँडलच्या मागे, म्हणजे भरताना मान वाकडी करून बघायचं. सत्तर पौंड मोजून घेतलेल्या वस्तूची टाकी ज्याने आखली, त्याला एकदा ती धुवायला बसवलं पाहिजे.

नमनाला घडाभर तेल नको, पण हे यंत्र आमच्याकडे कोणासाठी आलं ते सांगायला हवं. आम्ही लंडनमध्ये राहतो. नवरा घानाचा, कुमासीचा. लेकीचे केस थेट सासूबाईंवर गेलेत: दाट, बारीक वेटोळ्यांचे, ज्याला इथे ‘फोर सी’ म्हणतात. ओले असताना एक बट ओढून धरली तर खांद्याच्या खाली जाते. वाळली की कानाशी येऊन बसते. त्यामुळे ‘हिचे केस वाढतच नाहीत का गं?’ हा प्रश्न साताऱ्याहून दर रविवारी व्हिडिओ कॉलवर येतो.

वाढतात. सगळ्यांचे वाढतात, तसे हिचेही, महिन्याला साधारण सेंटीमीटरभर. पण या केसाचा छेद गोल नसतो, चपटा असतो, आणि तो जिथे जिथे वळतो तिथे तिथे कमजोर असतो. आपल्या सरळ केसांवरून टाळूचं तेल आपोआप खाली उतरतं. इथे ते पहिल्या चार वळणांतच अडकतं आणि टोकं कोरडी ती कोरडीच राहतात. मुळाशी जेवढा वाढला तेवढा टोकाशी तुटला, की लांबी दिसणार कुठून? म्हणून खोक्यावर ‘लांब केसांसाठी’ असं छापलंय ते साफ खोटं. वाफेने केस वाढत नाहीत. वाफेने कंडिशनर नीट मुरतो, केस मऊ पडतो आणि गुंता सोडवताना तुटत नाही. यंत्राचं काम एवढंच आहे, आणि सांगायला आनंद वाटतो की ते काम ते करतं.

आधी रविवार म्हणजे आमच्याकडे रडारड. डोक्याचे चार भाग करायचे, एकेक भाग ओला करून टोकाकडून मुळाकडे रुंद दातांचा कंगवा चालवायचा. लेक टबच्या कडेला धरून ओरडणार, नवरा काहीतरी आणायच्या निमित्ताने घराबाहेर पळणार. आता केसांना कंडिशनर लावून वीस मिनिटं हुडाखाली बसवते, ती कार्टून बघते, आणि नंतर बोटांनीच अर्धा गुंता सुटतो. कंगव्यात निघालेले केस मी गोळा करून बघते (हो, बघते). पूर्वी लिंबाएवढा गोळा निघायचा, आता सुपारीएवढा निघतो. पहिल्या महिन्यात मी पाच तारे देऊन मोकळी झाले असते.

मग यंत्र थुंकायला लागलं. वाफेऐवजी गरम पाण्याचे शिंतोडे. मग वाफ मंद. मग एका रविवारी दिवा लागला, घरघर झाली आणि सगळं थंड. उलटं करून बघितलं तर आत पांढरा थर. लंडनचं पाणी चुनखडीतून येतं. इथल्या प्रत्येक किटलीच्या बुडाशी तो थर असतो. किटलीत हात घालून तो काढता येतो. टाकीत काय घालू, करंगळी?

विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं: क्षारामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही, माहितीपुस्तिकेत डिस्टिल्ड पाणी वापरा असं लिहिलंय. लिहिलंय खरं, शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात. त्याच्याच वरच्या ओळीत ‘टाकी आतून नियमित पुसून घ्यावी’ असंही लिहिलंय. मी टाकीच्या तोंडाशी पट्टी धरून फोटो काढला आणि पाठवला: कृपया आपण पुसून दाखवा. ‘आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.’ पुन्हा मेल, पुन्हा समजू शकतो. ताकास तूर लागू देईनात.

इथे राहणाऱ्यांसाठी कामाची गोष्ट: वॉरंटीच्या नादी लागूच नका. २०१५ च्या कंझ्युमर राइट्स अ‍ॅक्टप्रमाणे जबाबदारी बनवणाऱ्याची नाही, विकणाऱ्याची असते, आणि पहिल्या सहा महिन्यांत निघालेला दोष मुळातलाच धरला जातो. नव्हता हे त्यांनी सिद्ध करायचं. आमचे सहा महिने भरायचे होते. कायद्याचं नाव घालून दोन ओळींचा मेल टाकला आणि आठवड्यात बदली यंत्र दारात. टाकी तीच, तोंड तेवढंच.

मधल्या काळात काय केलं, तर टॉवेल. ओला करून, पिळून, मायक्रोवेव्हमध्ये गरम करून, डोक्याला प्लॅस्टिकची टोपी घालून वरून गुंडाळायचा. फुकट. गुंता जवळजवळ तेवढाच सुटला. माझा इतका जळफळाट झाला की ‘घेऊ नका, टॉवेल वापरा’ एवढंच लिहायला बसले होते. पण टॉवेल पाच मिनिटांत गार होतो, मग उठा, परत गरम करा, आणि मानेजवळचे केस, जिथे सगळ्यात घट्ट गुंता असतो, ते कोरडेच राहतात. नवीन यंत्र आल्यावर फरक मानेपाशीच कळला. तेव्हा दोन ताऱ्यांवर घसरले होते, ती चारवर आले.

आता डिस्टिल्ड पाण्याचा खर्च. पाच लिटरचा कॅन मला चार पौंडांच्या आसपास पडला, गाड्यांच्या सामानाच्या दुकानात मिळाला. नवरा म्हणाला, खोलीतली ओल शोषणाऱ्या डीह्युमिडिफायरमध्ये रोज एवढं पाणी जमतं, तेच घाल. भिंतीची ओल मी पोरीच्या डोक्यावर सोडणार नाही. त्यामुळे एक आड एक नळाचं पाणी, आणि महिन्यातून एकदा टाकीत कोमट पाण्यातून लिंबूसत्त्व ओतून रात्रभर ठेवते. सकाळी दोनदा खळबळून काढते. तळाचा थर सुटतो, कोपऱ्यातला नाही.

लांबीचं म्हणाल तर खरं श्रेय वेगळीकडेच आहे, आणि ते पाच पौंडांचं आहे: रात्री घालायची सॅटिनची टोपी. सुती उशी केसांतला ओलावा शोषते आणि रात्रभर घासते. टोपी आणि दोन पेडांचे सैल पीळ घातल्यापासून टोकं टिकायला लागली. पीळ घालायला सासूबाईंनी शिकवलं, व्हॉट्सअ‍ॅपवर, वर न्कुटो, म्हणजे शिया बटर, तळहातावर वितळवून. त्यांच्या शाळेत मुलींनी केस बारीक कापूनच यायचं असा नियम होता, घानातल्या कित्येक शाळांत अजून आहे. त्यामुळे नातीचे केस लांब झालेच पाहिजेत हा त्यांचा हट्ट.

आईचा हट्ट वेगळा. “घट्ट वेणी घाल, म्हणजे वाढतील.”

“आई, ओढून बांधले की कडेचे केस मुळापासून जातात.”

“तुझ्या नाही का घातल्या? कमरेपर्यंत आले होते.”

“आणि आता माझं कपाळ बघ केवढं झालंय.”

तिच्या खोबरेल तेलाला मात्र मी नाव ठेवणार नाही. मुंबईत खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली दाखवलं होतं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना जाणारं प्रोटीन वाचवतं. त्याच चाचणीत सूर्यफूल आणि खनिज तेलाला ते जमलं नाही. म्हणून न्हाण्याआधी तासभर खोबरेल, नंतर शिया. फक्त लंडनच्या थंडीत बाटली आधी गरम पाण्यात उभी करावी लागते.

पुण्या-मुंबईकडच्या कुरळ्या केसांच्या बायकांनी स्टीमर घ्यावा का? बोअरचं पाणी असेल तर आधी टाकीचा विचार करा. घरात एकच डोकं असेल तर टॉवेल पुरे. दोन असतील आणि दुसरं लहान, रडकं असेल, तर घ्या.

बिघडलेलं यंत्र विक्रेत्याने परत मागितलंच नाही. हूड, स्टँड, चाकं सगळं ठणठणीत आहे. उत्तर लंडनमध्ये कोणाला सुट्या भागांसाठी हवं असेल तर येऊन घेऊन जा. टाकी हवी असेल तर तीही न्या, पण मला विचारू नका कशी धुवायची.