एकट्याने ब्रेकमधील हवा काढण्याचा हातपंप : ऑइल बदलण्यापुरता उपयोगी

माझ्या बारा वर्षे जुन्या गाडीच्या पुढच्या दोन्ही कॅलिपरचे (चाकाजवळ ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागांचे) सील मी घरी बदलले आणि त्यानंतर ब्रेकचे पेडल ओल्या स्पंजासारखे आत जाऊ लागले, म्हणजे ब्रेकच्या लाइनमध्ये हवा शिरली होती. पेडल दाबायला दिवसा घरी दुसरे कोणी नसते, म्हणून निपलमधून (हवा व ऑइल बाहेर काढण्यासाठी असलेल्या पोकळ स्क्रूमधून) ब्रेक ऑइल ओढून घेणारा हातपंप मागवला. त्याबरोबर दाबमापक, झाकणाची बाटली, पारदर्शक नळी आणि निपलवर बसणारे रबरी तुकडे मिळाले.

जुने ऑइल काढण्यासाठी हा पंप खरोखर चांगला आहे. काळपट ऑइल जाऊन स्वच्छ डॉट ४ प्रतीचे ब्रेक ऑइल येईपर्यंत मागच्या एका चाकाला दहा मिनिटेही लागली नाहीत. पेडलच्या दाबाने ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरवरची टाकी मात्र पुन्हा पुन्हा भरत राहावी लागते, कारण ती एकदा रिकामी झाली की नवी हवा आत जाते आणि सगळे काम पहिल्यापासून करावे लागते.

खरी अडचण पुढच्या चाकांवर आली. नळीतून बुडबुडे येतच राहिले आणि लाइनमध्ये अजून हवा आहे असे समजून मी जवळजवळ अर्धा लिटर ऑइल वाया घालवले. निपल सैल केल्यावर पंपाच्या ओढीमुळे बाहेरची हवा त्याच्या आट्यांमधून थेट नळीत शिरते, हे नंतर लक्षात आले. निपलच्या टोकाचे छिद्र मोकळे ठेवून आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळल्यावर ते बुडबुडे थांबले. पेडल तरीही मऊच होते. गोल जबड्याच्या चिमट्यांनी पुढचे दोन्ही रबरी होज हलकेच बंद केले तेव्हा पेडल कडक झाले, म्हणजे दोष पुढेच होता. कॅलिपर नीट पाहिले, तर डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे बसले होते व दोन्ही निपल खालच्या बाजूला आले होते. हवा वर साचते, त्यामुळे खालच्या छिद्रातून ती कोणताही पंप काढू शकला नसता.

कॅलिपर अदलाबदल करून बसवल्यानंतर शेवटची हवा मुलाला पेडलवर बसवून जुन्या पद्धतीनेच काढली : पेडल सावकाश दाबायचे, निपल उघडायचा, आणि तो बंद झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही. पेडल तळापर्यंत गेले तर जुन्या मास्टर सिलिंडरच्या एरवी न वापरल्या जाणाऱ्या भागात सील जाते; तो भाग गंजलेला असू शकतो आणि त्यावर सील फाटतात, म्हणून पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला होता. इंजिन चालू ठेवून मिनिटभर दाबून धरल्यावरही पेडल खाली सरकले नाही, तेव्हाच गाडी गल्लीत संथपणे चालवून पाहिली.

एकट्याने ऑइल बदलणाऱ्याने हा पंप अवश्य घ्यावा, परंतु नळीतील बुडबुड्यांवरून ब्रेकची अवस्था ठरवू नये. संचासोबतच्या पत्रकात आट्यांमधून शिरणाऱ्या हवेबद्दल एक ओळही नाही, आणि ब्रेकसारख्या गोष्टीसाठी विकल्या जाणाऱ्या साधनात ती असायलाच हवी होती.