लायब्ररी ऑफ काँग्रेसमधला डू बॉइस फोटोसंग्रह: काही महिने वापरल्यानंतर

मी पोशाखरचना शिकवते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे कपडे शिकवायचे म्हटलं की हाताशी असतात ती लंडन-पॅरिसच्या गोऱ्या बायकांची चित्रं. म्हणून या पावसाळ्यापासून वर्गात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा एक ऑनलाइन संग्रह वापरते आहे. तो मोफत आहे आणि बघायला नावनोंदणी लागत नाही.

१९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं स्वतंत्र दालन होतं. थॉमस कॅलोवे यांनी पुढाकार घेऊन ते उभं केलं. अटलांटा विद्यापीठात शिकवणारे कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी त्यासाठी जॉर्जिया राज्यातल्या माणसांचे, घरांचे, दुकानांचे ३६३ फोटो अल्बमांमध्ये लावून पाठवले. या कामाबद्दल त्यांना सुवर्णपदक मिळालं. तेच अल्बम आज पानापानाने स्क्रीनवर बघता येतात.

शिवणकाम येणाऱ्याला इथे खजिना आहे. १८९५च्या सुमाराला बाही खांद्यापाशी उशीएवढी फुगलेली असायची. शतक संपता संपता ती दंडाला बसती झाली आणि मुंढ्यावर थोड्याच चुण्या उरल्या. एवढं कळलं की मुली बाहीवरून फोटोचं साल ओळखायला लागतात. सर्वांत मोठी फाइल उतरवून घेतली की उभ्या कॉलरची लेस दिसते, छातीवरच्या बारीक टक्स, म्हणजे शिवून पक्क्या केलेल्या घड्या, मोजता येतात, पुरुषांच्या गळपट्टीला दिलेली कडक खळ जाणवते. रंग अर्थातच कळत नाहीत, आणि कापड कोणतं हेही ठामपणे सांगता येत नाही. मापाला बसलेला कपडा मात्र लपत नाही. तो कुणीतरी नीट बेतलेला असतो.

पहिले काही आठवडे मी एवढंच बघत होते. मग अल्बम क्रमाने बघायला सुरुवात केली तेव्हा मांडणी लक्षात आली. बऱ्याच ठिकाणी एकाच व्यक्तीचे दोन फोटो आहेत, एक समोरून आणि एक बाजूने. त्या काळी पोलीस गुन्हेगारांचे फोटो असेच काढत, आणि वंशांची प्रतवारी लावणारे अभ्यासकही. डू बॉइस यांनी तीच चौकट घेतली आणि तिच्यात इस्त्रीच्या कोटातली, केस नीट विंचरलेली, ताठ मानेची माणसं बसवली. एप्रिल १८९९मध्ये त्याच जॉर्जियात, न्यूननजवळ, सॅम होज नावाच्या शेतमजुराला जमावाने जिवंत जाळलं होतं. डू बॉइस तेव्हा अटलांटातच होते. हे ठाऊक झाल्यावर त्या खळ दिलेल्या कॉलरकडे फॅशन म्हणून बघणं मला जमत नाही. तो कॉलर पुरावा म्हणून पॅरिसला पाठवलेला आहे.

हे मुलींना फारसं समजावून सांगावं लागलं नाही. ज्यांच्या घरी भिंतीवर सुटातले बाबासाहेब आहेत, त्यांना कोट म्हणजे काय ते माहीत असतं. १९४६ साली बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं आणि त्यांचं उत्तरही आलं होतं, हे वर्गात सांगितलं त्या दिवशी तास संपल्यावरही कुणी उठेना.

सर्वांत जास्त सलते ती नावांची उणीव. मूळ अल्बमांतल्या बहुतेक व्यक्तिचित्रांखाली नावच नाही, त्यामुळे सूचीत सापडतं ते ‘आफ्रिकन अमेरिकन स्त्री, अर्धाकृती, उजवीकडे पाहणारी’ असलं वर्णन. इतका देखणा ब्लाउज कुणी शिवला, घालणारी शिक्षिका होती की शिंपीण, काही कळत नाही. छायाचित्रकारांपैकी अटलांटाचे थॉमस आस्क्यू तेवढे ओळखू येतात. ते स्वतः कृष्णवर्णीय होते. समिट अॅव्हेन्यूवरच्या वाद्यवृंदाचा त्यांचा फोटो जरूर शोधा. त्यात त्यांची मुलं आहेत, आणि पडदे, कपडे, वाद्यं सगळंच निगुतीने मांडलेलं आहे.

वापरताना दोन गोष्टी सांभाळा. शोधताना ‘निग्रो’ हा तेव्हाचा शब्दही टाकून बघावा लागतो, कारण अल्बमांच्या मूळ नावांत तोच आहे. वर्गात दाखवण्याआधी त्याबद्दल बोलून घ्या. आणि फोनवर बघू नका, टाके दिसत नाहीत. छापण्याच्या हक्कांची अडचण नाही. मी काही फोटो मोठे छापून शिवणयंत्रांच्या वर लावले आहेत. पुढच्या सत्रात त्यातलाच एक ब्लाउज मुली स्वतः बेतणार आहेत, उभ्या कॉलरसकट.