बाय-वायर की नेहमीचं इलेक्ट्रिक स्टिअरिंग: गाडी घेताना काय बघाल?

शोरूममध्ये 'इलेक्ट्रॉनिक स्टिअरिंग' असं ऐकलंत, तर आधी विचारा: स्टिअरिंगपासून रॅकपर्यंत (पुढची चाकं वळवणाऱ्या दात्यांच्या पट्टीपर्यंत) लोखंडी दांडा आहे का? इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगमध्ये तो असतो, मोटर फक्त हाताला जोर देते. बाय-वायरमध्ये दांडा नाही. सेन्सर वळणाचा कोन मोजतो, कॉम्प्युटर हिशेब करतो आणि रॅकवरची मोटर चाकं वळवते.

पार्किंगमध्ये बाय-वायरचं सुख खरं आहे. साध्या गाडीत या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण अडीच-तीन फेऱ्या लागतात. टेस्ला सायबरट्रकमध्ये एक फेरीसुद्धा पूर्ण होत नाही. वेग वाढला की तेवढ्याच हालचालीला चाकं कमी वळतात, म्हणून हायवेवर गाडी बिचकत नाही. खड्ड्यांचे हिसकेही हातापर्यंत येत नाहीत. पण ओल्या रस्त्यावर पकड सुटू लागल्याची जाणीवही मग मोटरच तयार करून देते, आणि ती किती खरी वाटेल हे कंपनीच्या सॉफ्टवेअरवर ठरतं. मला इथे साधं इलेक्ट्रिक स्टिअरिंग जास्त भरवशाचं वाटतं.

रॅकला चाकांशी जोडणारे टाय रॉड आणि बॉल जॉइंट दोन्हींत आहेतच. ते बदलण्याचा खर्च वाचणार नाही.

खरा फरक बिघाडात दिसतो. साध्या प्रकारात मोटर बंद पडली तर स्टिअरिंग जड होतं, पण वळतं. निसानच्या इन्फिनिटी ब्रँडने 2013 मध्ये क्यू50 या गाडीत बाय-वायर दिलं, तेव्हा दांडा काढला नव्हता. गडबड झाली की स्टिअरिंगमधला क्लच तो जोडून देई. तरी 2016 मध्ये याच यंत्रणेच्या सॉफ्टवेअरसाठी रिकॉल करावा लागला, म्हणजे गाड्या दुरुस्तीला परत बोलवाव्या लागल्या. सायबरट्रक आणि लेक्सस आरझेडच्या बाय-वायर आवृत्तीत हा दांडाही नाही, सगळी भिस्त राखीव मोटर, सेन्सर आणि वीजपुरवठ्यावर. म्हणजे दुरुस्तीला कंपनीचंच सर्व्हिस सेंटर हवं. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला यात फारसं काही करता येत नाही.

गाडी दहा-बारा वर्षं वापरणार असाल किंवा सर्व्हिस सेंटर लांब असेल, तर साधंच इलेक्ट्रिक स्टिअरिंग घ्या. वॉरंटीतच गाडी बदलणार असाल आणि रोज अरुंद जागेत वळवावी लागत असेल, तर बाय-वायर जरूर चालवून पाहा, तेही पावसात आणि रिव्हर्समध्ये. जुनी क्यू50 मिळत असेल, तर रिकॉलचं काम झाल्याचा कागद मागा. त्या मॉडेलमध्ये साध्या स्टिअरिंगच्याही गाड्या होत्या, मी तशीच शोधेन.