पांझरेसाठी किट घ्यायचं की किडे मोजायचे?

भाऊ, पांझरा नदीचं पाणी तपासायला टेस्टिंग किट घेऊ की पाण्यातले दगडाखालचे किडे मोजू असं विचारलंस ना, तर खर्चात किडे स्वस्त, जाळी, पांढरा ट्रे नि भिंग बस्स, किटची केमिकल संपत राहतात, एक्सपायरी वेगळीच. पण किडे ओळखायला शिकावं लागतं आणि उन्हाळ्यात आपल्याकडं नदीच आटते, मग कसले किडे! किट फक्त त्या क्षणाचं सांगतं, रात्री कोणी घाण सोडली नि सकाळी वाहून गेली की रिझल्ट चकाचक, मेफ्लाय या किड्याची पाण्यात वाढणारी, घाण सहन न होणारी पिल्लं मात्र कित्येक आठवडे तिथंच असतात, ती गायब झाली की समज काहीतरी बिघडलंय. पण खतातून पाण्यात उतरणारं नायट्रेट पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या, म्हणजे लिटरमागं ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलंय का हे किडा नाही सांगणार. शेताजवळच्या विहिरीतलं नायट्रेट बघायचं तर किट, पावसाळ्यानंतर वाहत्या नदीची तब्येत बघायची तर किडे.