मल्टीटूल: तीन हजारांचं की पंधरा हजारांचं?

मल्टीटूल म्हणजे पातं डावी-उजवीकडे झपाझप झोकवत कापणारं हातातलं विजेचं यंत्र. ते रोज चालवणारा माणूस भारीतलंच घेतो, त्याला कुणी सांगायला नको. घरी वर्षातून एखादी खाच पाडणाऱ्याने स्वस्तातलं खुशाल घ्यावं. कोडं पडतं ते मधल्या माणसाला. फर्निचरवाला, दरवाजे-खिडक्या बसवणारा, प्लंबर. ज्याला हे यंत्र महिन्यातून थोडंच लागतं, पण लागतं तेव्हा ग्राइंडर, कटर, करवत यातलं काहीच तिथे पोहोचत नाही. माझं काम जळगावात फर्निचरचं. पाचोरा, अमळनेर, भुसावळ इकडचीही कामं येतात. दोन्ही प्रकारची मशिनं वापरून झाली आहेत, तेव्हा माझ्यापुरतं काय ठरलं ते सांगतो. तुमचं काम वेगळं असेल तर हिशोब थोडा बदलेल.

आधी स्वस्ताची बाजू, कारण ती खरोखर आहे. नवीन प्लायमध्ये स्विचबोर्डचं भोक पाडायचं, भिंतीबाहेर आलेला पीव्हीसी पाइप सपाट कापायचा, ट्रॉलीच्या मागच्या फळीला पाइपापुरती जागा करायची, ही कामं तीन हजारांच्या आतबाहेरचं मशीन बिनतक्रार करतं. पातं चांगलं असेल तर कापलेली कड पाहून मशीन कुठलं हे मलाही ओळखता येणार नाही. डब्यावरचे आकडेही फार वेगळे नसतात. मिनिटाला वीस हजार झोके स्वस्तातल्यावरही लिहिलेले असतात आणि मकितासारख्या भारी कंपनीच्या मशिनावरही. झोक्याचा कोन स्वस्तात तीन अंशांच्या आसपास, मकिताच्या टीएम३०१०सीमध्ये ३.२ अंश. फाइन कंपनीच्या मोठ्या मशिनात तो ४ अंशांपर्यंत जातो, आणि तिथे फरक कळतो: पातं प्रत्येक झोक्याला जास्त सरकतं, भुस्सा बाहेर पडतो, कापणं वेगात होतं. पण अधूनमधून वापरणाऱ्याने त्या एका अंशासाठी एवढे पैसे घालावेत असं मला वाटत नाही.

माझा निर्णय आकड्यांवर झालाच नाही. तो झाला पातं धरणाऱ्या एका स्क्रूवर.

आपल्याकडे जुन्या घरात हमखास येणारं काम बघा. शहाबादी फरशीवरच नवीन टाइल्स टाकायच्या असतात, त्यामुळे सागवानी चौकटीचे पाय टाइल आणि मसाल्याच्या जाडीएवढे खालून कापावे लागतात. टाइलचा तुकडा पालथा घालायचा, खाली मसाल्यापुरती पट्टी द्यायची, त्यावर पातं आडवं टेकवायचं आणि चौकटीत सरळ शिरायचं. ग्राइंडरने सागवान काळं पडतं आणि कोपरा राहतो तो राहतोच. करवतीला भिंत आडवी येते. मल्टीटूल इथे राजा. फक्त जुन्या चौकटीत खिळे कुठे दडलेत ते कुणालाच माहीत नसतं. साध्या लाकडाच्या पात्याने सुरुवात केली की खिळा लागताच दात जातात. मग लोखंडही कापणारं बायमेटल पातं चढवायचं, खिळा कापायचा, पुन्हा लाकडाचं पातं, आणि शेवटी मसाला खरवडायला कार्बाइडचं. एकाच दारावर पातं सारखं बदलत राहायचं.

स्वस्तातल्या मशिनात पातं बदलायचं म्हणजे ॲलन की आली. ती एक वेळ चालेल. खरी डोकेदुखी वेगळी आहे. स्क्रू कितीही आवळा, जोरात दाबून कापायला लागलं की थरथरीने तो हळूहळू ढिला होतो. सुरुवातीला कळत नाही. मशीन थोडं जास्त घरघरतं, कापणं मंदावतं, आणि मग पातं आपल्या जागेवर फिरतं. तुम्ही टाइलवर टेकवून आडवी रेघ मारत असता आणि पात्याचं टोक तिरकं होऊन चौकटीच्या दर्शनी बाजूला ओरखडा काढतं. सागवानाच्या पॉलिशवर तो ओरखडा लांबूनही दिसतो. मशीन थांबवायचं, पातं चटका बसेल इतकं तापलेलं, ते चिंधीत धरायचं, स्क्रू पुन्हा आवळायचा. असं होत राहिलं की पातं जिथे बसतं त्या बुडावरच्या बारीक खुंट्या झिजतात, पात्याची भोकं मोठी होतात, आणि मग नवं पातंही नीट बसत नाही. स्क्रूचं षटकोनी तोंड गुळगुळीत झालं, की काम तिथेच थांबलं. घरात माणसं वावरत असतात, ओट्याजवळून आजी विचारतात, “भाऊ, आखो कितला येळ?” आणि आपण पकडीने स्क्रू फिरवत बसलेलो. ग्राहकासमोर हे मला सहन होत नाही. त्याचं घर उघडं पडलेलं असतं, आणि काम वेळेत उरकणं हा आपल्या शब्दाचा भाग असतो.

खटक्याच्या, म्हणजे ॲलन कीशिवाय पातं बदलता येणाऱ्या मशिनात हा त्रास जातो. टीएम३०१०सीमध्ये वरचा लिव्हर उघडायचा, खिळीसारखा बोल्ट ओढून काढायचा, पातं बदलायचं, बोल्ट घालून लिव्हर दाबायचा. बोल्ट सुटा निघतो, तेवढं एक हातात धरावं लागतं. पण लिव्हर बसला की पात्यावरचा दाब तुमच्या मनगटाच्या ताकदीवर राहत नाही. माझ्या हाताखाली ते पातं कापता कापता फिरलेलं नाही. बॉशच्या जीओपी ४०-३० सारख्या मशिनात तर काहीच सुटं निघत नाही, पातं दाबलं की कट्‌कन बसतं.

या बॉशमधल्या पातं बसवण्याच्या पद्धतीला स्टारलॉक म्हणतात. तरी मी स्टारलॉककडे गेलो नाही, त्याचं कारण पात्यांचं. फाइन आणि बॉशने २०१६ मध्ये स्टारलॉकची पद्धत आणली. पात्याची बैठक सपाट न राहता खोलगट झाली, त्यामुळे पकड फार घट्ट येते. पण त्या मशिनाला बाजारातली साधी सपाट पाती बसत नाहीत. मुंबई-पुण्यात ही अडचण वाटणार नाही. इथे मला दुकानात उभ्या उभ्या मिळतात ती बहुतेक सपाट सर्वसाधारण पातीच. भर कामात पातं संपलं तर कुरिअरची वाट बघत बसता येत नाही. तुम्ही आधीच साठा करून ठेवणारे असाल तर स्टारलॉक माझ्या मशिनापेक्षा सरस आहे, हे मान्य.

थरथरीबद्दल थोडं. स्वस्त मशीन बराच वेळ चाललं की हाताला मुंग्या येतात आणि त्यानंतर पेन्सिलने बारीक खूण मारताना बोट स्थिर राहत नाही. सुताराला हे परवडत नाही. भारीतलंही थरथरतं, पण कमी. व्होल्टेजचंही तसंच. खेड्यावर दुपारी व्होल्टेज उतरलं की स्वस्त मशीन दाबताच दम टाकतं. मकितात भार आला तरी वेग टिकवणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आहे, तिथे निदान हाताला तेवढं जाणवत नाही.

बॅटरीचं मशीन घ्यायचं का? त्याच कंपनीचा ड्रिल आणि बॅटऱ्या आधीपासून असतील तर जरूर विचार करा, जिन्यात आणि गच्चीवर वायर ओढायची कटकट वाचते. फक्त मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला गेलेला असताना, तापलेली बॅटरी थंड होईपर्यंत चार्जर ती भरायला घेत नाही. दोन बॅटऱ्या असल्या तरच दिवस निघतो. मी वायरचंच ठेवलं.

आता पैसे. भारीतलं चार-पाच पट पडतं, हा फरक लहान नाही. नुकतं काम सुरू केलेल्या मुलाला मी आधी चांगला ड्रिल आणि कटर घ्यायला सांगेन आणि मल्टीटूल स्वस्तातलं. फक्त त्यावर पाती भारी लावावीत, आणि जुन्या चौकटींचं काम आलं तर कुणाचं तरी खटक्याचं मशीन एका दिवसापुरतं मागून आणावं. पण ज्याच्याकडे जुन्या घरांची कामं येतात, त्याने स्वस्ताच्या नादी लागू नये असं माझं मत झालं आहे.

घेताना एक नक्की बघा. मोठ्या कंपनीचं नाव म्हणजे खटका आलाच असं नाही. मकिताचंच टीएम३०००सी हे टीएम३०१०सीसारखंच ३२० वॅटचं मशीन, पण त्याला पातं ॲलन कीने लागतं. बॉशचं छोटं जीओपी ३०-२८सुद्धा स्क्रूचंच. किंमत थोडी कमी दिसते म्हणून तेच हातात दिलं जातं. दुकानदाराला डबा उघडायला लावा, पातं स्वतः काढून बसवा, मग पैसे द्या.